प्रस्तावना : रात्रशाळेच्या दारातून नागसेनवनात

कमरेला झाडू बांधून रंगमंचावर चालणं दिसतं तितकं सोपं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका नाट्यकार्यशाळेत पेशवाईतल्या अस्पृश्यावर छोटासा प्रवेश बसवायचा होता. गळ्यात मडकं, कमरेला झाडू, एवढाच सरंजाम. मडकं कुंभारवाड्यातून आणलं, झाडू हॉलच्या कोपऱ्यातला उचलला आणि एका मुलाला चालायला सांगितलं. पहिल्या फेरीतच सगळे गप्प झाले. झाडू टाचांना लागत होता म्हणून पाऊल आखूड पडत होतं. छातीवर मडकं लोंबत असल्यामुळे खांदे आपोआप पुढे आले आणि पाठीला पोक आलं. 'जरा वाकून चाल' असं मी त्याला सांगणार होतो, ते सांगायची गरजच उरली नाही. दुसरी फेरी संपल्यावर तो म्हणाला, "सर, याच्यात सरळ उभंच राहता येत नाही."

शाळेच्या इतिहासात ही गोष्ट आपण एका ओळीत वाचतो आणि परीक्षेपुरती लक्षात ठेवतो. रंगमंचावर मात्र ती कुणाला तरी स्वतःच्या पाठीने वाचावी लागते. हे ज्याला नेमकं कळलं होतं, असा एक माणूस आमच्याच शहरात एका महाविद्यालयाचा प्राचार्य होता. त्यांचं नाव म. भि. चिटणीस आणि त्यांच्या नाटकाचं नाव 'युगयात्रा'. ते नाटक १९५५ साली मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलं. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना आपलं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करावं लागतं. हे पुस्तक त्या नाटकाबद्दल, त्या नाटककाराबद्दल आणि पुढे त्या वाटेने आलेल्यांबद्दल आहे.

प्रवर्तक नाटककार म्हटलं की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र येतं: मुंबई-पुण्याचं नाट्यगृह, तिसरी घंटा, शंभरावा प्रयोग, नारळ, पेढे. चिटणिसांच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. ते व्यावसायिक नाटककार नव्हते. नाटक लिहायला घेतलं ते महाविद्यालयासाठी, म्हणजे ज्याला आपण आजही किंचित हसून 'गॅदरिंगचं नाटक' म्हणतो त्या खात्यातलं. मराठी नाट्येतिहासात त्याला जागा मिळायला उशीर झाला, याचं एक कारण या हसण्यात आहे. गॅदरिंगचं नाटक म्हणजे मोठ्या नाटकाची लुटुपुटूची नक्कल, असं आपण धरून चालतो. 'युगयात्रा'ने कशाचीच नक्कल केली नव्हती, कारण नक्कल करण्याजोगं तिच्यापुढे मराठीत फारसं काही नव्हतं.

त्या वेळचं औरंगाबाद डोळ्यांपुढे आणायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, पण मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो आला १ नोव्हेंबर १९५६ ला. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम दीर्घकाळ उर्दू. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला तिथवर पोचणं कठीण, महारवाड्यातल्या पोराची गोष्टच सोडा. अशा मुलखात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढलं. १९४५ साली ही संस्था स्थापन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलं होतं. औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. मुंबई राज्यात १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली होती, पण औरंगाबाद तेव्हा त्या राज्यातच नव्हतं. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, ठेकेदार नाहीत. हाती होते ते विद्यार्थी आणि आवार.

त्या आवाराचं नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचं नाव मिलिंद. शहरातला रिक्षावालाही ही दोन्ही नावं दिवसातून दहादा घेतो, त्यामुळे ती कुठून आली हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, नागसेन हा बौद्ध भिक्षू, आणि 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ म्हणजे त्या दोघांची प्रश्नोत्तरं. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी स्वतःच्याच उत्तरांत सापडतो. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला राजाचं नाव दिलं, भिक्षूचं नाव भोवतालच्या वनाला दिलं. म्हणजे विचारणारा आत आणि उत्तर देणारा सभोवार. एका संवादाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेतून नाटक निघालं, याचं नवल वाटू नये. नाटकालाही दोन माणसं आणि एक अडचणीचा प्रश्न एवढंच भांडवल पुरतं.

'युगयात्रा' हे नाव नाटकाचा आराखडाच सांगतं. एका कुटुंबाची, एका घराची गोष्ट तिथे नाही. रामायणकाळापासून निघून पेशवाईतून थेट आंबेडकरी चळवळीपर्यंत अस्पृश्यतेचा प्रवास मांडायचा, असा तो घाट आहे. बाबासाहेबांच्या प्रेरणेने ते लिहिलं गेलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखोंच्या समुदायापुढे त्याचा प्रयोग झाल्याची नोंद दलित रंगभूमीचे अभ्यासक आवर्जून करतात. महाविद्यालयाच्या प्रेक्षकांतून एका वर्षात लाखोंच्या मैदानात जाणं कुठल्याही मराठी नाटकाच्या नशिबी क्वचितच आलं असेल.

नाटकाच्या कसबाची चर्चा करणाऱ्याने इथे एक रास्त आक्षेप घ्यावा. इतकी युगं एका प्रयोगात कोंबली तर पात्रं माणसं राहत नाहीत, देखावे होतात. एक प्रवेश संपतो, हजार वर्षं उलटतात, दुसरा सुरू होतो. व्यक्तिरेखेला वाढायला वेळ मिळत नाही. आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण हा घाट कुठल्या कानांसाठी होता, तेही पाहायला हवं. ही मुलं ज्या वस्त्यांतून आली होती तिथे भीमराव कर्डकांच्या पिढीपासून आंबेडकरी जलसा रुजलेला होता. जलशाला सुट्या सुट्या प्रसंगांची सवय असते. गण बदलतो, वग बदलतो, मध्येच माणूस पुढे येऊन थेट समोरच्यांशी बोलतो. चार भिंतींच्या दिवाणखान्यापेक्षा हा मोकळा घाट त्या प्रेक्षकाला जवळचा होता. शिवाय ज्यांना आपला इतिहास कुणी कधी सलग सांगितलाच नव्हता, त्यांच्यासाठी युगं एकामागून एक मांडणं हाच मोठा नाट्यानुभव होता. काल झालं ते आज घडतंय, आणि आजच्या मागे केवढा मोठा काल आहे, हे एका बैठकीत दिसत होतं.

दुसरी गोष्ट नटांची. रामायणातल्या शंबूकाचा अपराध काय, तर तप. आपल्या वाट्याला न दिलेली साधना त्याने केली. आता डोळ्यांपुढे आणा: ज्याच्या घरात पुस्तक शिरलंच नव्हतं असा मुलगा त्या युगाच्या प्रवेशात रात्री उभा राहतो आणि सकाळी साडेसातला वहीपेन घेऊन तासाला बसतो. रात्री रामायणात ज्या गोष्टीसाठी मरावं लागत होतं, तीच गोष्ट तो सकाळी हजेरीपटावर सही करून करत होता. हा विरोधाभास संहितेत कुठे लिहायची गरज नव्हती. नाटक आणि महाविद्यालय यांच्यामधल्या वाटेवर तो आपोआप घडत होता.

इथे या पुस्तकाचा गाभा येतो, आणि त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागे जावं लागेल. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. छापील रूपात ते मराठी वाचकांना दिसलं १९७९ साली. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, ग्रहांची भीती घालणारा जोशी, मधून मधून सगळ्यांची पिसं काढणारा विदूषक आणि पाद्री अशी त्यातली माणसं. जोशाच्या नादाने जोडपं कर्जबाजारी होतं आणि शेवटी दोघं निघतात ती रात्रशाळेत शिकायला. मराठीतल्या या आरंभीच्या सामाजिक नाटकाचा पडदा शाळेच्या दाराशी पडतो.

'तृतीय रत्न' १८५५ चं, 'युगयात्रा' १९५५ ची. फुल्यांचं नाटक तेव्हा छापलंच गेलं नव्हतं, त्यामुळे चिटणिसांनी ते वाचून काही उचललं असं म्हणता येत नाही. आकड्यांची ही जुळणी योगायोगाची आहे, पण तिच्याखालची नाळ योगायोगाची नाही. पहिलं नाटक जिथे संपलं, तिथून दुसरं सुरू झालं. कुणब्याच्या बाईला शाळेच्या दारापर्यंत आणून फुले थांबले होते, कारण त्यांच्या काळात तेवढंच दाखवता येत होतं. नागसेनवनातली पोरं दाराच्या आत आली होती. आत आल्यावर काय करायचं? शिकायचं, हे उघडच आहे. पण शिकलेल्याने मागे वळून आपण कुठून चालत आलो ते दाखवायचंही असतं. ही रंगभूमी थिएटरच्या पोटी जन्मलेली नाही. ती शाळेच्या पोटची आहे, हे लक्षात घेतलं की तिचे गुणदोष दोन्ही नीट उलगडतात. तिची शिकवण्याची हौस, समोरच्याला समजलंच पाहिजे हा आग्रह आणि काही वेळा कंटाळवाणं होईपर्यंत मुद्दा घोटून सांगण्याची खोड या सगळ्यामागे मास्तर उभा आहे.

या सगळ्याकडे पाहण्यासाठी एक मोजपट्टी फार लांबून मिळते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९२६ साली 'क्रायसिस' मासिकातून आपल्या समाजाच्या रंगभूमीसाठी चार कसोट्या मांडल्या. नाटक आपल्याविषयी असावं, आपल्या माणसाने लिहिलेलं असावं, आपल्या प्रेक्षकांसाठी असावं आणि आपल्या वस्तीजवळ व्हावं, असा त्यांचा मथितार्थ. याच डु बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला जातोय, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

'युगयात्रा' या चार कसोट्यांवर लावून पाहा. आपल्याविषयी? होय. आपल्या प्रेक्षकांसाठी? होय. आपल्या वस्तीजवळ? नागसेनवनाहून जवळची जागा मराठवाड्यात कुठली? आपल्या माणसाने लिहिलेलं, ही उरलेली कसोटी मात्र अडते. चिटणीस अस्पृश्य समाजात जन्मलेले नव्हते. बाबासाहेबांच्या कार्यात मनापासून उतरलेल्या सवर्ण सहकाऱ्यांपैकी ते एक होते. काही जण म्हणतात, मग याला दलित नाटक कसं म्हणायचं? काही जण उलट टोकाला जाऊन हा प्रश्नच क्षुल्लक ठरवतात. मला दोन्ही मान्य नाही. प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर चिटणिसांच्या पुढच्या पिढीने दिलं. पहिलं नाटक लिहिणाऱ्याने लेखणी त्या मुलांच्या हाती ठेवली नाही, पण रंगमंच ठेवला. बोलायची सवय झाली की लिहायची सवय लागायला फार वेळ लागत नाही.

डु बॉइसच्याच एका विद्यार्थिनीने अमेरिकेत ही उरलेली कसोटी गाठली. लॉरेन हॅन्सबेरी १९३० साली शिकागोत जन्मली. ती लहान असताना तिच्या वडिलांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. घरावर जमाव चालून आला, दगडविटा आल्या, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या आठवणीतून तिने 'अ रेझिन इन द सन' लिहिलं. मेलेल्या नवऱ्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर, एका कोंदट घरात तीन पिढ्या, गोऱ्या वस्तीत घर घ्यायचं स्वप्न, आणि तुम्ही इकडे येऊ नका म्हणून पैसे देऊ करणारा अत्यंत सभ्य गृहस्थ. खिडकीत म्हातारीने जगवलेलं एक मरतुकडं रोप आहे. घर सोडताना ती ते सोबत नेते. ११ मार्च १९५९ ला हे नाटक ब्रॉडवेवर आलं. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय स्त्रीचं नाटक येण्याची ती पहिली वेळ. पाचशे तीस प्रयोग झाले. १९६५ साली, चौतिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली.

तारखा पाहिल्या तर औरंगाबादचं नाटक चार वर्षं आधीचं आहे. पण शर्यत लावण्यात मजा नाही, फरक पाहण्यात आहे. हॅन्सबेरीने एक घर घेतलं आणि त्यात सगळा समाज बसवला. चिटणिसांनी सगळा समाज घेतला आणि त्यात घराला जागा उरली नाही. एकीकडे रोपाची कुंडी, दुसरीकडे युगं. दलित नाटकाला आपली कुंडी सापडायला पुढे बरीच वर्षं लागली.

ती सापडली तीही मराठवाड्यातच. नांदेडच्या दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा' या नाटकात तीन पिढ्या एका छताखाली येतात. बाबासाहेबांच्या काळातले काका, शिकून प्राध्यापक झालेला सतीश आणि रस्त्यावरच्या लढाईवर भरवसा ठेवणारा अर्जुन. सतीशची बायको ब्राह्मण आहे. इथे शत्रू नुसता बाहेर उभा नाही. वाट कुठली आणि पळवाट कुठली, यावर घरातलीच माणसं भांडतात. 'युगयात्रा'त ज्या प्रवासाचा नकाशा होता, त्यातला एक मुक्काम भगतांनी जवळून दाखवला. प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी', प्रकाश त्रिभुवनांचं 'थांबा, रामराज्य येतंय', रुस्तुम अचलखांबांनी लोकरंगभूमीच्या अंगाने केलेलं काम, हे सगळे या वाटेवरचे वेगवेगळे थांबे. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून वामन केंद्रे यांनी उभं केलेलं 'झुलवा' तर मराठी रंगभूमीच्या मुख्य रस्त्यावर येऊन उभं राहिलं.

दलित नाटकाची ही फांदी फुटायला नागसेनवनातली आणखी काही मशागत कारणीभूत होती. मिलिंदचे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आले आणि सोबत कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन आले. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने नव्या लेखकांना छापील पानं दिली. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला आणि कमलाकर सोनटक्क्यांसारखा राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेला माणूस इथे शिकवायला आला. पुढे याच शहरातून 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी, प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सोबती, मुंबईला गेली आणि व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावली. त्यांची वाट वेगळी, नाटकं वेगळी. पण औरंगाबादचा पोरगा नाटक लिहू शकतो, बसवू शकतो, ही खात्री शहराला आधी कुणीतरी दिलेली होती.

मध्ये याच विद्यापीठाच्या नामांतराचा काळ येऊन गेला. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर मराठवाड्यात जळालेली घरं, आणि १४ जानेवारी १९९४ ला झालेला नामविस्तार. आता शहराचंही नाव बदललंय. नावांच्या या लढायांत सोळा वर्षं काढलेल्या प्रदेशातल्या वाचकाला 'नागसेनवन' हे नाव वादाशिवाय, एका संवादावरून पडलं होतं, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

वाचकाने हे पुस्तक कसं वाचावं, याबद्दल एकच सुचवतो. 'युगयात्रा' हे परिपूर्ण नाटक आहे असं सिद्ध करायला कुणी बसलेलं नाही आणि वाचकानेही ते ओझं घेऊ नये. चिटणिसांकडे पाहताना त्यांना मोठ्या नाटककारांच्या रांगेत ढकलत नेऊ नका. पु. ल. देशपांड्यांचं 'तुझे आहे तुजपाशी' दोनच वर्षांनी, १९५७ साली आलं. त्याच्याशी संवादाच्या लखलखाटात तुलना केली तर 'युगयात्रा' हरणारच. कुणी कुणासाठी आणि कुणाकडून नाटक करून घेतलं, हे विचारत वाचलंत तर पानापानांतून वेगळी मराठी रंगभूमी दिसू लागेल. तिथे तिकीटबारी नाही आणि मखमली पडदाही नाही. प्रेक्षक खुर्चीवर रेलून बसलेला नाही. आपल्याच घरातलं कुणी समोर उभं आहे, या भावनेने तो पुढे झुकलाय.

आमच्या त्या कार्यशाळेचं सांगून थांबतो. तालीम संपली. त्या मुलाने झाडू सोडला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. रोज तालमीनंतर हॉल झाडायचा असा आमचा शिरस्ता, आणि कुणीतरी न सांगता झाडत असे. त्या दिवशी कुणीच खिळ्याकडे गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पायाखाली धूळ करकरू लागली, तेव्हा कशिदा काढल्यासारख्या अक्षरात एका मुलीने फळ्यावर नावांची यादी लिहिली आणि वर 'पाळी' असं शीर्षक दिलं. आजवर न सांगता कोण झाडत होतं, हे तोवर आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं.

यादीत पहिलं नाव माझं होतं.

छत्रपती संभाजीनगर